बंपर सांधणाऱ्याचं आडनाव

"आजपासून तू पाटील," अण्णा म्हणाले.

मी खाली बसून एका बंपरची चीर घासत होतो. तोंडाला फडकं, भुवयांवर काळी भुकटी. गॅरेजचे मालक अण्णा खुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. एक गिऱ्हाईक नुकतंच गाडी ठेवून गेलं होतं. जाण्याआधी त्याने अण्णांना बाजूला घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. काय विचारलं ते ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती. ती नजर मी शाळेपासून ओळखतो. ती माणसाला बघत नाही. हा कुणाचा, कुठल्या वस्तीतला, ते हुंगते.

"म्हणजे काय?" मी फडकं खाली ओढून विचारलं.

"म्हणजे कुणी विचारलं तर पाटील सांगायचं. राग नको मानू. आपल्याला धंदा करायचाय. आडनावात काय ठेवलंय?"

एवढं बोलून त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. विषय संपला. त्यांच्यासाठी.

आडनावात काही ठेवलेलं नसेल तर माझं काढून घ्यायची एवढी घाई कशाला, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी फडकं परत वर ओढलं आणि चीर घासत राहिलो.

मी बोर्लीजवळच्या बौद्धवाडीतला. बाप बंदरावर ओझी उचलायचा, लवकर गेला. आई कोळणींकडे मासळी सुकवायला जायची. मी पनवेलला एका गॅरेजमध्ये प्लास्टिक सांधायला शिकलो. तिथे मी सगळ्यांना भाई म्हणायचो, सगळे मला भाई म्हणायचे. तिथे जात नव्हती असं नाही. जात विचारायला कुणाला वेळ नव्हता. आईचे गुडघे गेले म्हणून मी परत आलो. अण्णांनी मला हातोहात ठेवून घेतलं. त्यांच्याकडे पत्रा ठोकणारे होते, रंग मारणारे होते, प्लास्टिक सांधणारा कोणी नव्हता. बोर्ली पंचतनचा बाजार संपला की दिघीच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज. जागा मोक्याची. का मोक्याची, तेही सांगतो.

दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट जाते. भरतीला गाड्या सरळ आत जातात. ओहोटीला पाणी उतरतं, बोट खाली बसते आणि रॅम्प उभा होतो. बोटीवरचा खलाशी ओरडून सांगतो, "हळू घ्या, तिरपी घ्या." पण सांगतो कोण? लुंगी नेसलेला, उन्हाने काळा ठिक्कर पडलेला खलाशी. त्याचं ऐकायचं म्हणजे कमीपणा. काच खाली करून "कळतं रे" म्हणायचं आणि गाडी दामटायची. मग खालून असा आवाज येतो की बोटीवरची सगळी माणसं वळून बघतात. बंपर चिरतो. अण्णांचा अर्धा धंदा या असल्या रुबाबावर चालायचा. समुद्राची वेळ पुण्या-मुंबईच्या घड्याळात बसत नाही. पण दोष नेहमी समुद्राचा, नाहीतर खलाशाचा.

चिरलेला बंपर फेकायचा नसतो. आधी चिरेचं टोक शोधायचं. तिथे बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग मागच्या बाजूने चिरेला खाच पाडायची, जाळी बसवायची आणि त्याच प्लास्टिकची कांडी गरम हत्याराने दाबत दाबत भरायची. मग तेच पुढून. बहुतेक बंपर निमूट वितळतात. पॉलियुरेथेन तसं नाही. आम्ही त्याला पीयू म्हणतो. हौशी लोक गाडीला बाहेरून मागवलेले बंपर आणि बाजूच्या पट्ट्या लावून घेतात, त्या बऱ्याचदा पीयूच्या. ते रबरासारखं वाकतं. जास्त तापवलं की वितळण्याआधीच करपतं आणि घशात बसेल असा धूर सोडतं. घाई केलेली त्याला चालत नाही. मला ते काम आवडायचं. अजून आवडतं.

तर मी पाटील झालो.

आमच्या रायगडात पाटील कुणीही असतो. आगरी असतो, कोळी असतो, मराठा असतो. ऐकणाऱ्याने आपापल्या सोयीने समजून घ्यावं. अण्णांनी विचार करून निवडलं होतं. मापाचा शर्ट नसेल तर ढगळ घ्यावा, कुणालाही होतो, तसं.

पण नुसतं पाटील सांगून सुटका नसते. पुढचा प्रश्न ठरलेला.

"कुठले पाटील?"

हा प्रश्न विचारताना माणसं किती गोड हसतात! जणू माझ्या गावाचं पाणी कसं आहे ते विचारतायत. मी काहीतरी पुटपुटायचो. "पेणकडचे." मग गडी खूश. "अरे वा, पेणला आमचे साडू असतात." एकदा ठरलं की हा आपल्याला चालण्यातला आहे, मग खांद्यावर हात. मग घरी येऊन काम करशील का. मग चहा घरातल्यांच्या कपात. हात तेच, नखांतला मळ तोच, चेहरा तोच. फरक फक्त त्यांच्या डोक्यात. एवढ्यावर त्यांची घरं पवित्र राहतात! मला त्यांची भीती वाटायची. पुढे पुढे भीती गेली आणि किळस आली. किळस येऊनही मी गप्प होतो, कारण घरी आई होती आणि कामाला दुसरं गॅरेज नव्हतं.

आई मात्र विचारायची. "तुला तिकडं काय म्हन्तात रं?"

"मेस्त्री म्हणतात," मी सांगायचो. तेवढं खरंही होतं.

मग सर आले.

सर म्हणजे श्रीवर्धनचे. पुण्याला कुठल्याशा कॉलेजात प्राचार्य होते, निवृत्त होऊन घरच्या वाडीत राहायला आले. पोफळी, नारळ, मागे विहीर, पुढे मोठी पडवी. त्यांच्या मुलाने गाडीला पीयूचा बंपर लावून घेतला होता, जमिनीला टेकेल एवढा खाली. त्या बंपरची गाडी घेऊन सर स्वतः ओहोटीला फेरीवर चढले. पुढचं सांगायला नको.

बंपर उजव्या कोपऱ्यापासून मधल्या जाळीपर्यंत उघडला होता. वर दसरा तोंडावर.

"नवा मिळत नाही," सर अण्णांना म्हणाले. "आणि दसऱ्याला गाडीची पूजा आहे. आमच्याकडे भग्न वस्तू पूजेला चालत नाही. हिचा फार कटाक्ष आहे त्याबाबतीत."

हिचा. म्हणजे बायकोचा. हे लक्षात ठेवा. या माणसांच्या घरात जे जे काही लाजिरवाणं असतं, ते सगळं बायकांच्या नावावर असतं.

बंपर काढून मी गॅरेजवर आणला आणि सांधला. सर मधून मधून बघायला यायचे. स्टुलावर बसून बोलायचे. बोलायला त्यांना फार आवडायचं.

"मी जात मानत नाही, पाटील. माझ्या वर्गात सगळ्या जातींची मुलं बसायची."

जणू यांनीच उचलून बसवली होती. मी हत्यार दाबत होतो. त्यांना पाटलाशी जातीबद्दल बोलायला आवडायचं. माझ्या खऱ्या नावाच्या माणसाशी ते काय बोलले असते, देव जाणे. बहुतेक आरक्षणाबद्दल.

काम छान झालं. रंग असा जुळला की मलाच चीर शोधावी लागत होती. दसऱ्याच्या सकाळी अण्णा आणि मी बंपर घेऊन श्रीवर्धनला गेलो. मी तो बसवला, स्क्रू आवळले, फडक्याने पुसला. मुलगा पुण्याहून आला होता. त्याने वाकून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सॉलिड!" सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, गाडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. बंपरवर मधोमध स्वस्तिक काढलं. नेमकं सांध्यावर. मी बाजूला हात बांधून उभा होतो आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. काम आपलं होतं.

"पाटील, जेवल्याशिवाय जायचं नाही," सर म्हणाले. "सणाच्या दिवशी आमच्याकडे कारागीर उपाशी जात नाही."

अण्णा आत बसले, सर आणि मुलाबरोबर. माझं पान पडवीत मांडलं. पाटलाला पडवी मिळते. केळीचं पान, पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी. काकू स्वतः वाढत होत्या. "लाजू नका हो," म्हणत होत्या. अहो-जाहो! मी जेवायला लागलो.

तेवढ्यात वाडीच्या मागून एक बाई आली. डोक्यावर झावळ्यांचा भारा. तिने तो अंगणाच्या कडेला टाकला, पदराने तोंड पुसलं आणि मला बघितलं.

लीलाआत्या. आमच्याच बौद्धवाडीतली, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरची. मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली. ती सरांच्या वाडीत कामाला येते हे मला माहीत नव्हतं. तिचा चेहरा एकदम उजळला. हात वर गेला.

"जय भीम, बाला!"

माझा घास तोंडात होता.

काकू पुरीचं ताट घेऊन उभ्या होत्या. आत्याने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या पानाकडे बघितलं. पडवीकडे बघितलं. तिला सगळं कळलं. आमच्या लोकांना असलं समजायला वेळ लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तिचा वर गेलेला हात हळूच खाली आला. तिने तोंड वळवलं.

"चुकले," ती काकूंना म्हणाली. "माजाच घोटाला झाला. मना दुसराच कोन वाटला."

आणि ती भाऱ्याजवळ जाऊन उगाचच झावळ्या सारख्या करायला लागली.

मला वाचवण्यासाठी तिने मला पुसून टाकलं. तिच्या कडेवरचा मी, तिने मला अनोळखी करून टाकलं, एका पुरीसाठी. माझी पुरी जाऊ नये म्हणून. अण्णांनी माझं आडनाव काढून घेतलं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी मागे बसवलं तेव्हाही नाही. ते परके होते, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा काय करायची? पण आत्याला माझ्यासाठी खोटं बोलायला लागलं. स्वतःचा जय भीम गिळायला लागला. माझ्या अंगाला कुणी तापलेलं हत्यार लावावं तसं झालं. मी घास गिळला. तो श्रीखंडाचा होता आणि कडू लागला.

मी उभा राहिलो. खरकट्या हाताने.

"जय भीम, आत्या," मी म्हणालो. जोरात. आतपर्यंत जाईल असं. "घोटाळा नाही झाला. मीच हाय."

काकूंच्या हातातलं ताट हललं नाही. त्यांचे पाय मात्र मागे गेले. एक पाऊल, मग आणखी एक. मला हसू आलं. आत्ताच या बाई वाकून माझ्या पानात पुरी वाढत होत्या.

"अहो, बाहेर या," त्यांनी आत हाक मारली.

सर आले. मुलगा आला. शेवटी अण्णा आले, हात पुसत. काकूंनी दोनच शब्द सांगितले. "पाटील नाहीये." तेवढे पुरले. मी काय आहे ते विचारायची कुणालाच गरज पडली नाही. काय नाही ते कळलं की त्यांचं काम भागतं.

सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. जात न मानणारा चेहरा. तो आधी लाल झाला, मग त्यावर एक दुःखी भाव आला. भाषणाच्या शेवटी आणतात तसला.

"तू आम्हाला फसवलंस," ते म्हणाले. "प्रश्न जातीचा नाही. प्रश्न विश्वासाचा आहे."

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, बोलतील. निदान गप्प तरी राहतील.

"सर, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं," अण्णा म्हणाले. "यानेच मला पाटील सांगितलं. मी काय कागद तपासत बसलो नाही. माणूस कामाला चांगला, म्हणून ठेवला."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. पापणी न लववता. ज्या तोंडाने नाव दिलं, त्याच तोंडाने नाव चोरल्याचा आळ घेतला. मग माझ्याजवळ येऊन, दात न उघडता, खालच्या आवाजात म्हणाले, "माफी माग आणि विषय संपव. कामावरून काढत नाही तुला. काकूंना नमस्कार कर."

मी पाऊल उचललं असं त्यांना वाटलं असावं. लगेच म्हणाले, "लांबूनच."

लांबूनच! माझी माफी हवी, ती आणणारा मी नको.

"पूजा परत करावी लागेल," काकू सरांना म्हणत होत्या. माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं होतं. "आणि आधी तो बंपर काढा. मला तसली गाडी दारात नको."

"काढतो," मी म्हणालो. "पाने-पकड माझ्या पिशवीत आहेत. आत्ता काढून देतो. मग भग्न गाडीची पूजा करा. आणि बाकीच्या गाडीचं काय करणार ते पण ठरवा. कारखान्यात कुणाकुणाच्या हातून गेलीय, विचारलंत? चाक कुणी बसवलं? बसायची सीट कुणी शिवली? तिकडे पण कुठले पाटील विचारून आलात का?"

मी पिशवीकडे वळलो. आणि तेव्हा मुलाचं तोंड उघडलं.

"पप्पा, बंपर काढू नका हां. नवा मिळत नाही."

एवढा शिकलेला मुलगा. त्याला एवढंच सुचलं.

सरांनी घसा साफ केला. मुलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग बायकोला म्हणाले, "बंपर राहू दे. तू गोमूत्र शिंपड थोडं. म्हणजे तुझंही समाधान." आणि माझ्याकडे वळून, आवाज मऊ करून, "मला व्यक्तिशः यात काही वाटत नाही. पण घरातल्या बायकांचं मन मोडवत नाही."

काकू आतून वाटी घेऊन आल्या. दूर्वांनी बंपरवर शिंपडलं. स्वस्तिकावर, सांध्यावर, कडेकडेने. मी उभा राहून सगळं बघितलं. डोळे वळवले नाहीत. मला ते पुरतं बघून ठेवायचं होतं. काम ठेवून घ्यायचं, करणारा धुऊन टाकायचा. अशी यांची रीत. अशी यांची अक्कल. आणि या माणसांसमोर मी इतकी वर्षं मान खाली घालून बसायचो! मला स्वतःचा राग नाही आला. मला त्यांचा आकार दिसला. फार लहान होता.

मग मी माझं नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव. वस्तीचं नाव. एकेक शब्द सुटा, वर्गात हजेरी देतात तसा.

"आणि पाटील हे नाव मला यांनी दिलं," मी अण्णांकडे बोट करून म्हणालो. "मला नको होतं. ठेवा तुमच्याकडे, पुढच्याला होईल. माफी मी मागणार नाही. माझ्याकडे माफी मागण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे आहे, पण तुम्हाला ती मागता येणार नाही. तेवढी तुमची छाती नाही."

अण्णा ओरडले, "उद्यापासून गॅरेजची पायरी चढू नकोस!"

मी हत्यारं पिशवीत भरली. ती माझी होती, पनवेलहून आणलेली. पान तसंच पडलं होतं. अर्धी पुरी, उष्टं श्रीखंड. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि अंगणात हाक मारली.

"लीला, हे पान उचल गं."

आत्या उठली. पडवीच्या पायरीपाशी आली आणि थांबली. त्या घरात ती कामाला येत होती तेव्हापासून ती पायरी तिने कधी चढली नव्हती. झाडायची ती अंगण. प्यायची ते वरून ओतलेलं पाणी. आता माझं उष्टं उचलायला तिला पायरी मोकळी झाली होती.

"वर येऊ, बाई?" आत्याने विचारलं. "माजा पाय लागला तर चालंल ना पडवीला?"

ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, मला तेव्हा कळलं नाही. काकूंनी पानाकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे. ये म्हणावं तर पडवी बाटते, नको म्हणावं तर पान कोण उचलणार? त्या नुसत्या उभ्या राहिल्या, हातात वाटी घेऊन.

"चल, आत्या," मी म्हणालो.

ती आली. पदर खोचून, भारा तिथेच टाकून. मागे वळून बघितलं नाही. पान कुणी उचललं असेल मला माहीत नाही. कदाचित सरांनी उचललं असेल. ते जात मानत नाहीत.

श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. आत्याने पदराला अडकलेली झावळीची काडी काढून टाकली. मग म्हणाली, "तुला पडवीत जेवताना बघितला नि मना लय बरा वाटला व्हता रं. वाटला, आपल्या पोराला मान दिला यांनी. दिस बदललं. म्हनून तर हात वर ग्येला माजा."

मला रडू आलं. मी लपवलं नाही.

"आत्या, यापुढं हात खाली घ्यायचा न्हाय," मी म्हणालो. "माझ्यासाठी तर न्हायच न्हाय."

"न्हाय घेनार," ती म्हणाली. आणि मग डोळे बारीक करून, "बाईला कशी गप केली मी?"

म्हणजे टोमणाच होता. आम्ही दोघं स्टँडवर मोठमोठ्याने हसलो. लोक बघत होते. बघू देत.

आत्याचं ते काम गेलं. दुसऱ्या कुठल्या वाडीत तिला लवकर काम मिळालं नाही, कारण वाडीवाल्यांचे कान एकमेकांना चिकटलेले असतात. ती आता आईबरोबर मासळी सुकवायला जाते. हे मी गोड करून सांगणार नाही. तिचे हात मिठाने फुटतात. पण त्या दिवशी बोललीस म्हणून आता वाईट वाटतं का, असं कुणी तिला विचारलं, तर ती विचारणाऱ्याकडे अशी बघते की तो परत विचारत नाही.

मी दिघीच्या रस्त्यालाच शेड टाकली. जेटीच्या अलीकडे, आमच्या वाडीच्या फाट्यावर. वर निळी ताडपत्री. पुढे पत्र्याचा फलक, त्यावर माझं पूर्ण नाव, आडनावासकट, गाडी पळत असतानाही वाचता येईल एवढ्या अक्षरात. पहिला पावसाळा वाईट गेला. गाड्या फलकापाशी हळू व्हायच्या, नाव वाचायच्या आणि पुढे जायच्या, अण्णांकडे. अण्णांनी माझ्या जागी एकाला ठेवला. त्याने पीयूचे बंपर करपवून ठेवले. घाईचा माणूस. आडनाव मात्र चांगलं होतं म्हणे.

मग हळूहळू गाड्या थांबायला लागल्या. आधी बोर्लीचे मुसलमान, मग कोळी, मग टेम्पोवाले, मग बाहेरगावचे ज्यांना पर्याय नव्हता. आणि एके दिवशी अण्णा स्वतः आले. मोटरसायकलवरून उतरले नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून, जुना दोस्त भेटल्यासारखं हसले.

"झालं गेलं विसर. माणसाने असं मनात धरून बसू नये. तू तिकडे तापलास, मी इकडे तापलो."

मी हातातलं काम थांबवलं नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "मी बंपर सुटा काढून तुझ्याकडे पाठवतो. गाडी माझ्याकडे उभी राहील. तू सांधून परत पाठव. गिऱ्हाइकाला काय कळायचंय? तुझा मान तुला, माझा धंदा मला. कुणाचं मन दुखायला नको."

आणि खरंच, माझ्या होकाराची वाट न बघता, त्यांनी तासाभरात टेम्पोतून एक बंपर पाठवून दिला. जुन्या चादरीत गुंडाळलेला. जणू घरातून काहीतरी चोरून बाहेर काढलंय. मी चादर सोडली. पीयूचाच होता. मागून तपासला. चीर वाईट होती, पण होण्यासारखं काम होतं. हात शिवशिवले. सुटा बंपर म्हणजे आम्हाला सोय. वाकावं लागत नाही, गाडीखाली झोपावं लागत नाही, उजेडात धरून काम करता येतं. कुणीही मेस्त्री सुटाच मागेल.

मी चादर परत गुंडाळली. गाठ होती तशी मारली.

"घेऊन जा," मी टेम्पोवाल्याला म्हणालो. "अण्णांना सांग, मी सुटा बंपर घेत नाही. मालकासकट पाठव म्हणावं."

टेम्पोवाला हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी स्वतः बंपर उचलून त्याच्या टेम्पोत ठेवला.

अण्णा अजून निरोप पाठवतात. सुटे बंपर, सुट्या पट्ट्या, आरशांची कवचं. सगळं गुंडाळून, झाकून, गपचूप. मी परत पाठवतो. वाईट महिन्यातही परत पाठवतो. आई म्हणते, घे की, कोण बघतंय? तेच तर, आई. कोणी बघू नये म्हणूनच पाठवतात. माझे हात त्यांना अंधारात हवेत. मी देणार नाही.

माझ्याकडे गाडी येते ती मालकाला घेऊन. मालक खाली उतरतो. मी त्याला माझं पूर्ण नाव सांगतो, वस्ती सांगतो आणि विचारतो, "गाडीला हात लावू?"

काही जण गोंधळतात. काही जण मान डोलावतात. काही जण हसून म्हणतात, "अहो, आम्ही असलं काही मानत नाही." हे वाक्य ऐकलं की मी हत्यार खाली ठेवतो. मानत नाही तर तोंडाने "लाव" म्हणायला काय जातं? आणि मी वाट बघतो. त्याची बायको गाडीतून बघत असते, मागच्या सीटवरची पोरं बघत असतात. त्यांच्यासमोर त्याला तोंड उघडून "हो, लाव" म्हणावं लागतं. मान हलवलेली मी धरत नाही. ज्याला म्हणवत नाही, त्याच्यासाठी पुढे अण्णांचं गॅरेज आहे, रस्ता मोकळा आहे, बंपर लोंबकळत जाऊ दे. मी थांबवत नाही.